झुंबर गुरुजींची नऊ विद्यापीठांत निवड

डिग्री कशी निवडायची हे करुणाला कोणी शिकवायची गरज नव्हती! लोक जाहिरातीतल्या हसऱ्या मुलीचा फोटो बघतात आणि प्रवेश घेऊन मोकळे होतात. करुणा तसली नव्हती. इंदापूरहून बारामतीला रोज एसटीने जाऊन एका दूध डेअरीत लिटर आणि फॅटचे आकडे संगणकावर भरायचे, हे तिने आठ वर्षं केलं होतं. आता आकडे भरणारी बाई आकडे वाचणारी होणार होती. डेटा ॲनालिटिक्समधली एम.एस्सी. ऑनलाइन, आपल्या सवडीने पूर्ण करायची! आणि निवडसुद्धा त्या विषयाला शोभेल अशी व्हायला हवी, म्हणून तिने एक तक्ता मांडला. नऊ विद्यापीठं, अकरा निकष, प्रत्येक निकषाला गुण. मान्यता आहे का, परीक्षा घरून देता येते का, मध्येच खंड पडला तर चालतो का... मुलीला स्थळ बघतानाही कोणी एवढं बघत नाही!

पण फॉर्म भरल्याशिवाय कुठलंच विद्यापीठ सगळी माहिती दाखवत नव्हतं, आणि फॉर्मला मोबाइल नंबर लागत होता. एकदा नंबर दिला की ही मंडळी गुळाला लागलेल्या मुंगळ्यांसारखी सुटता सुटत नाहीत, असं डेअरीतल्या ज्योत्स्नाने बजावून ठेवलं होतं. साहेबांना तर कामाच्या वेळेत दुसऱ्याचा फोन वाजला तरी स्वतःचा रक्तदाब चढल्यासारखं वाटायचं.

तेव्हा करुणाला एक नंबर सुचला. तिला पाठ असलेला एकुलता एक. आण्णांचा.

आण्णा म्हणजे तिचे वडील, झुंबर गुरुजी. ते मार्चमध्ये गेले होते. फोन आईच्या कपाटात साड्यांखाली बंद पडलेला असणार. तिथे शंभर फोन आले तरी कोणाला त्रास होणार होता? नंबर आण्णांचा, म्हणून नावही आण्णांचंच टाकलं. नऊ फॉर्म, नऊ वेळा 'झुंबर'. ते नाव लिहिताना बरं वाटत होतं, हे मात्र तिने स्वतःलाही सांगितलं नाही.

आता एवढ्या हुशार बाईने एक गोष्ट तपासायला हवी होती. फोन बंद नव्हता! सिंधुबाई, म्हणजे तिची आई, तो रोज सकाळी चार्जिंगला लावत होती आणि दर महिन्याला दुकानात जाऊन रिचार्ज मारून आणत होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी करुणा घरी पोचली तर आई दारातच उभी.

"करुणे, आण्णांचा नंबर लागला!"

"कुठं?"

"कालेजात! कसला तरी डेटाचा कोर्स हाय. नऊ ठिकानी अर्ज टाकल्याला ह्या मानसानं, आन् मला पत्त्या न्हाय! चार ठिकानचं फोन आलं आजच्याला."

"तू काय सांगितलंस?"

"काय सांगनार? म्हनलं, बाहेर गेल्यात."

एका वाक्याचं काम होतं. करुणाने तोंड उघडलंसुद्धा. "आई, अगं, आण्णा तर मार्चमध्ये..."

"मग? त्याच्या आधी टाकला आसंल अर्ज. त्यांच्या पगारवाढीचा, निवडश्रेणीचा कागद रिटायर झाल्यावर चार वर्सांनी आला हुता. ह्यो पाच म्हयन्यांत आला. लौकरच म्हनायचा की!"

शिक्षकाच्या बायकोने उभ्या आयुष्यात एकही अर्ज वेळेवर सुटलेला पाहिला नव्हता. शिवाय गुरुजींनी नोकरी करत, बाहेरून परीक्षा देऊन बी.ए.चा फर्स्ट क्लास काढलेला. एकाहत्तराव्या वर्षी आणखी एक अर्ज ठोकणं त्यांच्या स्वभावात अगदी बसत होतं. त्या दिवशी जेवताना आईने दुसरी भाकरी मागून घेतली. मार्चपासून पहिल्यांदाच.

करुणाने ठरवलं, उद्या सांगू.

उद्यापर्यंत ते शेजारच्या आक्काबाईंना कळलं, म्हणजे आळीला कळलं. परवापर्यंत जयवंता तात्यांना कळलं, म्हणजे तालुक्याला कळलं! तात्या आण्णांचे धाकटे भाऊ आणि विहाराच्या समितीत. येत्या रविवारी आण्णांची पुस्तकं विहाराच्या वाचनालयाला द्यायची होती. चार माणसांत उरकायचा साधा कार्यक्रम. शुक्रवारी करुणाची एसटी इंदापुरात शिरली आणि तिला खिडकीतून फ्लेक्स दिसला.

'वयाच्या ७१ व्या वर्षी डेटा ॲनालिटिक्ससाठी नऊ विद्यापीठांत निवड! कालकथित झुंबर गुरुजी यांना विनम्र अभिवादन!' खाली शुभेच्छुकांचे अकरा फोटो. तात्यांचा गॉगल घातलेला फोटो गुरुजींच्या फोटोपेक्षा बोटभर मोठा.

ती तशीच तात्यांकडे गेली. "तात्या, एवढं मोठं कशाला केलंत?"

"आगं, पोरास्नी प्रेरना मिळंल! धाव्वी नापास पोरं सकाळधरनं वाचत्यात त्यो फ्लेक्स. म्हनत्यात, मेलेला मानूस शिकतोय आन् आपुन जित्तं आसून बसलोय!"

"तात्या, मला जरा बोलायचंय."

"बोल की, रईवारी! तुजं भाषन ठेवलंय धा मिंटाचं."

रविवारी विहारात साठ माणसं. त्रिशरण-पंचशील झालं. पुस्तकांची पाच खोकी मांडून ठेवलेली. तात्यांनी माइक हातात घेतला आणि तेवढ्यात आईच्या मांडीवर आण्णांचा फोन वाजला.

"आला! इद्यापीठाचा फोन आला!" तात्यांनी झडप घालून फोन उचलला, स्पीकर चालू केला आणि थेट माइकला टेकवला.

"नमस्कार, झुंबर सर आहेत का? मी उत्कर्षा बोलतेय, प्रवेश विभागातून. सर, तुम्ही अकरा ऑगस्टला फॉर्म भरला होता, त्याबद्दल..."

पुढच्या रांगेतले बाजीराव मास्तर गणिताचे. त्यांनी बोटं मोजली. "अकरा ऑगस्ट? गुरुजी तर मार्चात गेले."

"आवं मास्तर, आनलाइन हाय ते!" तात्या म्हणाले. "कुठनंबी भरता येतंय!"

मागच्या दोघा-तिघांनी मान डोलावली. एका म्हातारीने तर फोनला हात जोडले! याच विहारात उभं राहून आण्णांनी चाळीस वर्षं भुताखेतांविरुद्ध भाषणं केली होती. अंगात येणाऱ्यांना हसले, ताईत तोडून फेकले. आणि त्याच जागी त्यांच्या सख्ख्या मुलीने त्यांचंच भूत करून ठेवलं होतं.

ती उठली.

"तो फॉर्म मी भरलाय. नऊच्या नऊ मीच भरलेत. कोर्स मला करायचाय. मला ते फोन नको होते, म्हणून आण्णांचा नंबर दिला." आईकडे बघणं तिला जमलं नाही. "मला वाटलं, तो बंद असेल."

"हॅलो?" माइकमधून उत्कर्षाचा आवाज घुमला. "मग प्रवेश नेमका कोणाला हवाय?"

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं! बाजीराव मास्तर खोक्यातलं एक पुस्तक काढून चाळू लागले, तेही उलटं धरून. तात्यांनी फोन बंद केला आणि हळूच विचारलं, "आन् फ्लेक्सचं काय करायचं गं आता?"

घरी आल्यावर आईने फोन जागेवर नेऊन चार्जिंगला लावला.

"बंद आसंल आसं वाटलं तुला."

"आई, चुकलं माझं."

"म्हंजी पाच म्हयन्यांत एकदाबी लावला न्हाईस तू." आई तिच्याकडे न बघता म्हणाली. "मी लावती रोज. माज्या फोनवरनं. उचलायचं न्हाय, नुसतं वाजल्यालं ऐकायचं."



सोमवारी निमगाव केतकी मागे पडल्यावर तिने एसटीतून आण्णांचा नंबर लावला. एंगेज! पुन्हा लावला. एंगेज! तिसऱ्यांदा आईने उचलला.

"काय गं? मी त्या उत्कर्षासंगं बोलत हुते. अर्जावर आता तुजं नाव घाल म्हनलं."

सगळं होऊनही आई तिच्यासाठीच बसली होती फोनवर. "मग? काय म्हणाली ती?"

"तुजं बी.कॉम.चं मार्क इचारलं. पन्नास टक्के लागत्यात म्हनं. तुजं चव्वेचाळीस."

एसटीने एक खड्डा घेतला. अकरा निकष लावून तोललेल्या नऊ विद्यापीठांपैकी एखाद्याने करुणाला तोलायचं मनात आणलं तर काय, हे तिच्या तक्त्यात कुठेच नव्हतं.

"आण्णांचं चाललं आसतं बग," आई म्हणाली. "फस क्लास हाय ना!"

"हं."

"मी इनवनी केली तिला. म्हनलं, ताई, सांभाळून घ्या. पोरगी बापावर न्हाय गेली, माज्यावर गेलीया."