घेतली असेल

नाटकाला निघायच्या ऐन वेळी बायकोनं विचारलं, "अहो, सकाळची गोळी घेतलीत ना?"

शिंपी बुटाची नाडी बांधत होता. मान वर न करताच म्हणाला, "घेतली असेल."

बायको जागच्या जागी थांबली. या माणसानं उभ्या जन्मात 'असेल' म्हटलं नव्हतं. कुलूप लागलं असेल एवढ्यावर त्याचं कधी भागलंच नाही. ते ओढून बघायचं, जिना उतरायचा, परत चढायचा, पुन्हा ओढायचं. गॅस, नळ, दुकानातली इस्त्री, सगळ्यांची तीच गत. गिऱ्हाइकाचं माप तो इतक्यांदा घेई की तोवर माणूस जाडा होईल, असं त्याच्या आईच म्हणायच्या. शेवटी डॉक्टरांनी हा मंत्रचळ आहे असं सांगून गोळ्या सुरू केल्या. लगेच गुण येणार नाही, काही आठवडे धीर धरा आणि आपल्या मनानं बंद करू नका, असंही बजावलं.

शिंपी तयार झाला तो लेकीपायी. ती हौशी नाटकात काम करायची, पहिल्याच प्रवेशात मरणाऱ्या आत्याचं. कुलपाशी झटापट करून आईबाप नाट्यगृहात पोचेपर्यंत आत्या गेलेली असायची. मागच्या खेपेला लेक म्हणाली, "बाबा, एकदा तरी मला जिवंत बघा हो." ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं.

"असेल म्हणजे काय?" बायकोनं विचारलं.

"रोज चहाबरोबर घेतो, म्हणजे आजही घेतली असेल. चल, बस चुकेल."

बायकोनं कपाट उघडलं. पण त्याच्या आईंनी कालच आवराआवर करताना सगळ्या गोळ्या पट्ट्यांतून काढून एका डबीत भरल्या होत्या. त्याच्या मंत्रचळाच्या आणि स्वतःच्या रक्तदाबाच्याही. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या गोल.

"आई, मग तुम्ही सकाळी कुठली घेतलीत?"

आई खुर्चीत टेकल्या. "तरीच आज मला कशाची काळजी वाटत नाहीये," त्या म्हणाल्या.

बायकोनं डॉक्टरांना फोन लावला.

"एका गोळीनं कुणाची काळजी जात नाही," डॉक्टर म्हणाले. "आईंना चक्कर वगैरे?"

"छे, त्या मजेत आहेत."

"मग घाबरू नका. खात्री नाही ना, तर दुसरी देऊच नका. उद्या नेहमीच्या वेळी दोघांनाही नव्या पट्टीतली द्या. ती डबी बाजूला ठेवा. पेशंट कुठे आहेत?"

"दारात उभे आहेत, बूट घालून."

"मग त्यांचं ऐका आणि निघा."

तिघंही निघाले. बायकोनं कुलूप लावलं, ओढलं. "नीट ओढ," आई म्हणाल्या आणि स्वतःच ओढून बघितलं. जिना उतरून रस्त्यावर आल्यावर बायको थबकली.

"अहो, गॅस बंद केलाय ना?"

"केला असेल."

आता मात्र दोघींचा धीर सुटला. सासूसुना जिना चढू लागल्या आणि नेमकी बस आली. शिंप्यानं वर बघितलं. आतून जुना आवाज म्हणालाच, एकदाच जाऊन ये, फक्त एकदाच. त्याचा एक पाय जिन्याकडे वळलाही. पण आत्या कुणासाठी थांबणार नव्हती. तो बसमध्ये चढला.

त्याला पहिल्या रांगेत जागा मिळाली. पडदा उघडला. खाटेवर पडलेल्या आत्याला खोकता खोकता समोर बाप दिसला आणि तिचा खोकला एकदम थांबला. त्या दिवशी आत्या फार सावकाश मेली. विंगेतून दिग्दर्शक हातवारे करत होता, तरी मेल्यावरही तिनं एक डोळा उघडून पहिल्या रांगेकडे बघून घेतलं. शिंपी चारचौघांत रडला आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

मध्यंतरात दोघी धापा टाकत पोचल्या.

"कुलूप लागलेलं होतं," आईंनी जाहीर केलं. "गॅसही बंद होता."

"हं," शिंपी म्हणाला.

"पोरीचं काम कसं झालं?" बायकोनं विचारलं.

"फार छान," तो डोळे पुसत म्हणाला. "उद्याही प्रयोग आहे ना? परत एकदा बघावं म्हणतो."

सासूसुनांनी एकमेकींकडे बघितलं.

"तरी मी म्हणत होते," बायको कपाळाला हात लावत म्हणाली, "गोळी राहिलीच."