ज्यूराची रंगीत तालीम

फ्रान्समधल्या ज्यूरा भागात कुठे उतरावं, कुठल्या चीजबरोबर कुठली वाइन घ्यावी, कुठल्या गावात मंगळवारी जेवायला मिळत नाही, हे लंडनच्या अख्ख्या स्टॅनमोरमध्ये माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. मी फ्रान्सला कधी गेलेलो नाही, आणि दोन घोट वाइन पोटात गेली की मला ॲसिडिटी होते.

ही सगळी विद्या सबनीस साहेबांची. महिन्याच्या पहिल्या शनिवारी, दुपारी साडेबारा वाजता, सबनीस साहेब आपल्या किचनमध्ये फ्रान्सला जातात. डोक्यावर हॅट, पायात चालायचे बूट, हॉलवेमध्ये चाकांची बॅग. टेबलावर जाडजूड हिरवं फोल्डर. त्यात आठ दिवसांचा प्रवास मिनिटामिनिटाला लिहिलेला, आणि दर महिन्याला त्यातल्या एका दिवसाची तालीम. 'दिवस तिसरा, आर्ब्वा, दुपारचं जेवण' असं ते फोल्डरमधून वाचतात, आणि मग गॅसवरच्या पातेल्याचं झाकण काढतात.

साहेब रिटायर्ड. चौतीस वर्षं त्यांनी इथल्या रेल्वेची टाइमटेबलं बनवली. त्यामुळे त्यांचा देवावर नाही, मार्जिनवर, म्हणजे राखून ठेवलेल्या जादा वेळावर, विश्वास. 'मार्जिन ठेव, बबन' हे मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की परवा एका इंग्लिश बाईला व्हॅन रिव्हर्स करताना मी ते मराठीतच ऐकवलं. पॅरिसमध्ये एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर जायला किती वेळ लागेल, हे बघायला त्यांनी मला घरापासून स्टॅनमोर स्टेशनपर्यंत बॅग ओढत तीनदा नेलं. ते घड्याळ धरून पुढे, मी मागे. तिसऱ्या फेरीला शेजारची बाई बाहेर येऊन मला हळूच म्हणाली, म्हाताऱ्याला होममध्ये टाकताय का? मी म्हटलं, नो नो, पॅरिस. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मीच कुठल्यातरी होममधून सुटलोय.

दुसरी त्यांची खोड म्हणजे ते कुणाला 'बसा' म्हणत नाहीत. केंब्रिजला राहणारा त्यांचा मुलगा आला तरी नाही, डॉक्टर आला तरी नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "सीट रिकामी दिसली की माणसानं बसावं. आग्रह करायला ती काय लग्नाची पंगत आहे?"

आता मी यात कुठून आलो? मी सातवी नापास, घरांचं सामान हलवायचा धंदा, एक व्हॅन. धंद्यात मी इतका हुशार की माझी बायको मला सोडून ब्रिस्टलला गेली तेव्हा तिचं सामानही मीच पोचवलं. फुकट. वर तिथला वॉर्डरोब जोडून दिला. आता मी हॅरोला एका लाँड्रीच्या वर खोली घेऊन राहतो. खालच्या मशिनांमुळे दिवसभर खोली गरम असते आणि पलंग जरा थरथरतो, तेवढीच सोबत.

तर सबनीस साहेबांची बायको गेली, नलूवहिनी, आणि मुलानं मला फोन करून आईचं कपाट चॅरिटीला न्यायला बोलावलं. मी कपाट सुटं केलं, जिन्यावरून खाली आणलं, व्हॅनमध्ये भरलं. साहेब दारात उभे. मी इंजिन चालू केलं तर म्हणाले, "परत लाव." मी परत वर नेलं, परत जोडलं. तीन स्क्रू उरले. ते मी खिशात घातले आणि कुणाला काही बोललो नाही. कपाटाचं दार अजून कुरकुरतं आणि मी खिसा चाचपतो.

त्या दिवशी निघताना त्यांनी विचारलं, तुला चीज चालतं का? मी म्हटलं, मला काहीही चालतं. तिथून हे सुरू झालं.

ज्यूरा ही मुळात वहिनींची निवड. वाइन प्यायला बोर्दोला सगळे जातात, बर्गंडीला महाराष्ट्र मंडळातले अर्धे लोक जाऊन फोटो दाखवून गेले. वहिनी म्हणाल्या म्हणे, आपण अशा ठिकाणी जाऊ जिथे मंडळातलं कुणी भेटणार नाही. आजारपणात दोघं मिळून फोल्डर बनवत होते. अर्धं फोल्डर वहिनींच्या अक्षरात आहे. चौथ्या दिवसानंतर अक्षर बदलतं.

तिथली एक पिवळी वाइन आहे. तिचं नाव मी घेतलं की साहेब डोळे मिटतात, इतकं मी ते वाईट घेतो. ती पिंपात सहा वर्षं तीन महिने ठेवतात, आणि वाइन उडून कमी होत जाते तरी वरून भर घालत नाहीत. कुणी हात लावायचा नाही. तिच्यावर एक पातळ साय धरते आणि त्या सायीमुळे ती आंबत नाही. साहेब हे सांगताना खिडकीबाहेर बघत होते. मी म्हटलं, साहेब, मलाही इंग्लंडात येऊन एकोणीस वर्षं झाली, कुणी झाकण उघडून बघितलं नाही, पण माझं व्हिनेगरच झालं. ते हसले नाहीत. फोल्डरमध्ये काहीतरी लिहून घेतलं.

आता पहिल्या तालमीचं सांगतो, कारण सगळा घोळ तिथे आहे. वहिनी मार्चमध्ये गेल्या, तालीम सप्टेंबरात. साहेबांनी चिकन केलं होतं, मशरूम आणि क्रीम घालून. टेबलावर दोन ताटं मांडली. एक स्वतःसमोर, एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे. त्या दुसऱ्या ताटात चिकन, चीजचा तुकडा, चार अक्रोड आणि कडेला हिरव्या मिरचीचा ठेचा. मग साहेब बसले, हात मांडीवर, त्या ताटाकडे बघत. जेवेनात.

मी ओट्याच्या वर्कटॉपला टेकून उभा. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पंधरवडा पितरांचा चालू होता. आमच्याकडे आई दरवर्षी असंच दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, ताट वाढायची, आणि कावळा शिवल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही. बिचारा माणूस, बायकोचं ताट वाढून बसलाय, आणि स्टॅनमोरमध्ये कावळ्याला हाक कोण मारणार? मी पुढे झालो, ताट उचललं, मागच्या दारानं बाहेर गेलो, बागेतल्या शेडमागे भिंतीवर ठेवलं आणि हात जोडले.

इथला कावळा आधी शिष्टासारखा लांब बसतो, पण चिकन बघितल्यावर त्याचंही शिक्षण संपलं. दोन मिनिटांत ताट साफ. ठेचा तेवढा राहिला. तो मी बोटानं चाटून टाकला, टाकून कसा द्यायचा. आत आलो तर साहेब जेवायला लागले होते. माझी खात्रीच पटली. त्यांनी रिकाम्या ताटाकडे बघून विचारलं, "आवडलं?" मी म्हटलं, लगेच संपलं, साहेब. त्यांनी मान हलवली आणि फोल्डरमध्ये टीप केली.

तेव्हापासून तीन वर्षं हेच. पुढे मी स्वतःहून वेटर झालो. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण नुसतं उभं राहायला लाज वाटायची, म्हणून हातावर भांडी पुसायचा टी-टॉवेल टाकला. साहेब हॅट घालून किचनच्या दारातून येणार, दोन बोटं दाखवून फ्रेंचमध्ये म्हणणार, दोघांसाठी टेबल. मी वाकून खुर्ची दाखवणार. ते बसणार. दुसऱ्या खुर्चीकडे बघणार, मग माझ्याकडे बघणार. मी ताट उचलून बाहेर. पावसात छत्री घेऊन, बर्फात टोपी घालून. एकदा कावळा आलाच नाही तर पाऊण तास उभा राहिलो आणि शेवटी एका कोल्ह्याला हात जोडले. मी काय जेवायचो? परत आल्यावर वर्कटॉपपाशी ब्रेडचं टोक, पातेल्याला लागलेला रस. आपण वेटर, आपल्याला बसून काय करायचंय.

लोकांना मी हे रंगवून सांगायचो. म्हणायचो, बायकोवर प्रेम असावं तर असं. आणि खोलीवर गेल्यावर बटाट्याचे वेफर्स खाताना वाटायचं, माझ्यासाठी कुणी ठेवलंय का कधी एखादं ताट? मग वाटायचं, त्यासाठी आधी मरावं लागतं.

या हिवाळ्यात साहेबांची नजर कमी झाली. लायसन्स परत द्यावं लागलं. ज्यूरात तर गाडीशिवाय काही नाही, एका गावाहून दुसऱ्या गावाला बस दिवसातून एकदा, तीही शाळेची. मुलानं रविवारच्या व्हिडिओ कॉलवर सांगितलं, बाबा, एकटे तुम्ही जायचं नाही. कॉल संपल्यावर साहेबांनी लॅपटॉप मिटला. मग मला म्हणाले, या जूनमध्ये नाही गेलो तर फोल्डर रिसायकलिंगच्या बिनमध्ये. मी गंमत म्हणून विचारलं, कागदाच्या की प्लॅस्टिकच्या?

त्यानंतर त्यांनी मला चमत्कारिक प्रश्न विचारायला सुरुवात केली. माझा पासपोर्ट चालू आहे का? मी म्हटलं, चालू आहे, फोटोत मी चोर दिसतो. त्यांनी फोल्डरला कॉपी लावायला मागितली, मी दिली. रस्त्याच्या उजवीकडून गाडी चालवता येते का? मी म्हटलं, आमच्या कऱ्हाडात दोन्हीकडून चालवतात. ट्रेनमध्ये उलट्या होतात का? म्हटलं, फक्त तिकीट नसलं की. प्रत्येक वेळी ते तोंड उघडायचे, थांबायचे, आणि फोल्डरच्या मार्जिनमध्ये काहीतरी लिहायचे. मला वाटलं, नजर गेली तसं डोकंही जायला लागलंय.

मेच्या पहिल्या शनिवारी गेलो तर हॉलवेमध्ये एकाऐवजी दोन बॅगा. टेबलावर दोन ताटं, नेहमीसारखी. आणि फोल्डरवर प्रिंट काढलेली तिकिटं. लंडन ते पॅरिस, पॅरिस ते पुढे. खरी. मी मोजली. प्रत्येक गाडीची दोन, शेजारशेजारच्या सीट.

ताट वाढणं ठीक आहे, कावळ्याला तिकीट लागत नाही. पण हा माणूस त्या शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत समुद्राखालून फ्रान्सला जाणार, दोन बोटं दाखवून दोघांसाठी टेबल मागणार, आणि तिथे ताट उचलायला मी नसणार. तिथे कुणाला काय कळणार? मी टी-टॉवेल खाली ठेवला. तीन वर्षांत पहिल्यांदा जोक न करता बोललो.

म्हटलं, "साहेब, लहान तोंडी मोठा घास. पण वहिनींचं तिकीट नका काढू. त्या नाही येणार आता. इथे तीन वर्षं मी त्यांचं ताट रोज... म्हणजे दर महिन्याला, बाहेर कावळ्याला ठेवतोय. तिकडे कोण ठेवणार?"

साहेबांनी हॅट काढली. मागच्या दाराकडे बघितलं, शेडकडे बघितलं, मग माझ्याकडे. उशिरा आलेल्या गाडीकडे बघतात तसं.

"कावळ्याला?"

"हो."

"मला वाटायचं, तुला माझ्यासमोर बसून जेवायला नको वाटतं. म्हणून ताट घेऊन बाहेर जातोस." त्यांनी हॅट टेबलावर ठेवली. "एकदा बर्फातसुद्धा गेलास. मी म्हटलं, इतका कंटाळा आलाय याला माझा."

चिकन निवत होतं. ठेच्यावर तेल सुटलं होतं, कऱ्हाडकडे असतो तसा जाडसर वाटलेला, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मला प्रश्न पडला की ज्यूरात ठेचा कुठून आला.

"नलूनं जन्मात चिकनला हात लावला नाही," साहेब म्हणाले, "आणि मिरचीच्या वासानं तिला ठसका लागायचा. ते ताट तुझं आहे, गाढवा. खाली बस."