सिंगल बेल

नातीच्या साखरपुड्याला नागावला नव्या जलद बसनेच जायचं, असं रावजी घरतांनी ठरवलं. मुरुडच्या एसटीवर त्यांनी एकतीस वर्षं कंडक्टरकी केली होती. बससाठी वेगळा रस्ता म्हणजे काय असतो, ते त्यांना एकदा बघायचं होतं. होणाऱ्या नातजावयाची अंगठी खिशात होती, बायको रंगूबाई शेजारी होत्या आणि बस पोटातलं पाणीही हलू न देता चालली होती. फक्त तिला कंडक्टर नव्हता.

"नागाव आलं हे सांगणार कोण?"

"वरून ती बाई बोलते ना," रंगूबाई म्हणाल्या.

"तिनं कधी नागाव बघितलंय?"

रावजींना राहवेना. ते उठून डाव्या दाराशी उभे राहिले. "चला, नागाव, नागाव. सामान आटपा, दाराशी या."

आवाजात अशी काही जरब होती, की सात-आठ जण मुकाट्याने त्यांच्यामागे रांगेत आले. नव्या बसचा थांबा रस्त्याच्या मधोमध. त्यामुळे दार उघडलं ते उजवीकडचं. रांग वळेपर्यंत ते मिटलंही. बस निघाली.

सगळे रावजींकडे बघू लागले. रावजींनी विचार न करता खिशातली चावी काढून दांड्यावर एकदा ठोकली. टण्ण.

बस गचकन थांबली, अर्धी थांब्यात, अर्धी बाहेर. दार काही उघडेना. मागची बसही थांब्याबाहेर अडकली. ड्रायव्हरला ऑफिसातून फोन आला.

"का थांबलात?"

"सिंगल बेल झाली, साहेब."

"या बसला बेल कुठाय?"

ड्रायव्हरने आरशात बघितलं. तो सदा होता, एसटीतला जुना जोडीदार. "रावजीभाऊ, तुम्ही हाय व्हय? तरीच. हात वळखीचा वाटला."

"सदा, दार उघड की."

"थांब्याबाहेर उघडत न्हाय, भाऊ. पुढं चौलला उतरा."

"मग नीघ."

सदा स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसून राहिला. रावजींना उमगलं. सदाला डबल बेल हवी होती. त्यांनी दांड्यावर दोनदा ठोकलं आणि बस निघाली.

चौलहून परतीची बस धरून, धापा टाकत दोघं मांडवात पोचले. मुहूर्त टळला असणार, या धास्तीने रंगूबाईंचा चेहरा उतरला होता. बघतात तर मुलाकडची मंडळी आत्ताच पाय धूत होती.

"उशीर झाला, माफ करा," व्याही म्हणाले. "आमच्या पुढची बस कुण्या शहाण्यानं मधेच थांबवून धरली."

रावजींनी गंभीरपणे मान हलवली. "आमच्या एसटीत असलं काही चालत नव्हतं."

रंगूबाई तोंडाला पदर लावून लगबगीने आत गेल्या.