अंताजीपंतांच्या इंग्रजी पत्राची बखर

श्रीकुलदैवताचे चरणी मस्तक ठेवून, थोरांचे मुखे जे ऐकिले ते लिहितो. शके सतराशे चाळीस, बहुधान्य नाम संवत्सर. ते साली राज्य बुडाले, धनी परागंदा जाहले आणि टोपीकर इंग्रजांचा अंमल मुलखात बसला. परंतु घाटमाथ्याचा एक किल्ला तेवढा तहाने जुन्या किल्लेदाराकडे राहिला. किल्लेदार सुभानजी घोरे, वय साठीचे, बोलणे थोडके, शब्दाचे पक्के. तहात कलम ऐसे की, जुन्या धन्याच्या पळपुट्या शिपायांस किल्ल्याचा आसरा सदोदित मिळतो ऐसे दिसल्यास किल्लेदारांनी जिवानिशी जाब द्यावा. मग टोपीकरांशी लिहिणे पडू लागले, आणि ते काम अंताजी रखमाजी पारसनीस यांजकडे आले. पंत पिढीजाद फारसी लिहिणार. त्यांनी छावणीतील पाद्रीबाबांपाशी आठ महिने बसून इंग्रजी विद्या हस्तगत केली होती. आसपास दुसऱ्या कोणास ती येत नव्हती, आणि त्यामुळे पंतांची मान बहुत ताठ जाहली. पाद्रीबाबा म्हणत, "पंत, अजून बसा. क्रियापदाचे रूप साधले, परंतु कोणते रूप कोठे घालावे ते राहिले." पंत म्हणाले, "रूप आले म्हणजे सारे आले," आणि उठून किल्ल्यावर गेले.

भाद्रपदात सतरा पळपुटे दरवाज्याशी आले, कोणाचा पाय कुजलेला, कोणी चार दिवसांचे उपाशी. किल्लेदारांनी आत घेतले नाही, परंतु बाहेर बसवून भाकर देवविली, आणि मग पंतांस बोलावून आज्ञा केली, "छावणीच्या इंग्रज कप्तानास आजच कळवा. चोरून काही करणे नाही. लिहा की, पळालेले शिपाई दारी येऊन बसले आहेत, सुभानजी त्यांस भाकर देतो आणि वाटेस लावतो." पंतांनी लेखणी घेतली आणि 'देतो' यास 'गिव्हज' ऐसे लिहिले, आणि बाकीची क्रियापदेही त्याच तऱ्हेने लिहिली. कर्ता एक तेथे शेवटचा ज घातला, अनेक तेथे गाळला, कोठे चूक म्हणून नाही. किल्लेदारांनी विश्वासे शिक्का केला आणि जासूद रवाना जाहला.

तिसरे दिवशी पलटण आली आणि किल्लेदारांस धरून छावणीत नेले. कप्तान खुर्चीवर बसले, पाद्रीबाबा बाजूस उभे राहिले, आणि गावोगावचे पाटील पाहावयास बोलाविले होते. कप्तानांनी पंतांकरवी किल्लेदारांस विचारले, "पत्र तुमचे?" ते म्हणाले, "शिक्का माझा. अक्षर न् अक्षर खरे." मग कप्तान पंतांकडे वळले आणि इंग्रजीत पुसले, "आमची भाषा तुम्हांस पुरती येते?" सारी सभा पाहात होती. पंत बोलले, "पुरती." तेव्हा कप्तान म्हणाले, "मग गुन्हा शाबीत. पत्रात कबुली आहे की पळपुटे नित्य येत असतात आणि हा त्यांस पोसत असतो."

पंत गडबडले. पाद्रीबाबा त्यांचे कानाशी लागून इंग्रजीतच हळू बोलले, "पंत, हे रोजचे की एका दिवसाचे? सूर्य उगवतो, गाय दूध देते, जे नेहमीचे त्यास हे रूप. त्या दिवशी देत होता तर 'इज गिव्हिंग' पाहिजे होते." चूक कबूल करावी तर पाटलांदेखत विद्या खोटी पडते, चाकरी जाते आणि पाठीवर फटके बसतात. न करावी तर धन्याचा जीव जातो. ऐसे मनात घोळत असता त्यांनी किल्लेदारांकडे पाहिले. त्यांस इंग्रजी तिळमात्र कळत नव्हते. पंत भ्याले आहेत ऐसे जाणून ते म्हणाले, "पंत, भिता काय? लिहिले तेच सांगा. आपण काही लपविले नाही." आणि पंत कप्तानास बोलले, "लिहिले तेच खरे." पाद्रीबाबांनी एकवार त्यांचे तोंडाकडे पाहिले आणि मान फिरविली.

दुसरे दिवशी सकाळी किल्ल्याचे दरवाज्यासमोर किल्लेदारांस फाशी दिली. जाताना त्यांनी पंतांस हात जोडून म्हटले, "घरच्यांस सांभाळा."

तेरावा जाहला आणि मग पंत किल्लेदारांच्या पत्नी गोजराबाई यांजपुढे जाऊन बसले आणि काही न चोरता सर्व सांगितले. बाईंनी पुसले, "भाकर एकदाच दिली, एवढे त्यांच्या बोलीत लिहिता येते?"

"येते."

"तेव्हा येत नव्हते?"

"सभेत उभा होतो तेव्हा येत होते, बाईसाहेब."

बाईंनी दौत-कागद पुढे सारिला आणि म्हणाल्या, "तर आता लिहा. मोठ्या साहेबास लिहा. तुमचे नावही घाला."

पंतांनी लिहिले, आणि आपली चूक व सभेतील आपले खोटे दोन्ही लिहिले. त्याबद्दल कचेरीपुढे त्यांस बारा फटके मारिले आणि चाकरीवरून दूर केले. पुढील चैत्रात उत्तर आले. तोवर किल्ला सुरुंग लावून पाडला होता. बाईंनी पंतांस बोलावून ते वाचावयास लाविले. मजकूर ऐसा की, सुभानजी घोरे तहास इमानी होते हे दप्तरी नोंदले. शिक्षा होऊन गेली, सबब अधिक काही करणे नाही.

बाईंनी विचारले, "होते, म्हणतात?"

"होते."

"हे बरोबर लिहिले आहे," बाई म्हणाल्या, आणि कागद घडी करून आत गेल्या.

अंताजीपंत त्यानंतर वीस वर्षे जगले. कोणी इंग्रजी कागद आणिला तर वाचून देत. लिहून कोणास दिला नाही. येणेप्रमाणे एका किल्ल्याचे वर्तमान घडले, ते यथामती लिहिले असे.