बोटीत लागलेला डोळा

त्या घरात जेवताना मीठ हवं असलं तरी खूण करावी लागे. सून शाळेत शिकवायची. तिथं तिनं एक हाक मारली की मैदानाच्या पलीकडच्या टोकाची पोरं खाली बसत. तीच बाई घरात शिरताना चपला हातात घेई. दाराची बेल काढून टाकली होती. आलेला माणूस बाहेर उभा राहून फोन करी, आणि घरातले सगळे फोन मुके असल्यामुळं तो बराच वेळ उभाच राही. जुना पंखा खडखडतो म्हणून तो भंगारात दिला आणि फिरतोय की नाही हे वर बघितल्याशिवाय कळणार नाही, असा नवा आणला. नातवंडं दोन, मोठी आणि धाकटा. दोघं पायात मोजे घालून पकडापकडी खेळत आणि हसू आलं तर उशीत तोंड खुपसत.

हे सगळं आजोबांच्या झोपेसाठी. आजोबा वर्तमानपत्राच्या छापखान्यात मशीनवर होते, कायम रात्रपाळीला. रिटायर होऊन घरी आले आणि झोप उडाली ती उडालीच. घर शांत केलं तरी त्यांचे डोळे उघडे. मग घर आणखी शांत केलं जाई. माणसं याला प्रेम म्हणतात. एकच चूक रोज जास्त मन लावून करायची.

शेवटी आजोबाच एक दिवस म्हणाले, "माझ्यामुळं पोरांना घरात खोकायची चोरी झालीय. मी एक खोली बघितलीय. पहिल्या तारखेपासून तिकडं राहतो. तुझी आई इथंच राहू दे."

मुलगा काही बोलला नाही. आजी काही बोलली नाही. सूनही बोलली नाही. असं नव्हे की कुणाला वाईट वाटलं नाही. बोलायची सवयच मोडली होती.

"जायच्या आधी पोरांना एकदा त्या मोठ्या पार्कात नेऊ," आजोबा म्हणाले. एवढं मात्र सगळ्यांनी मान हलवून मंजूर केलं.

पार्काच्या दारात दुमजली ससा हसत उभा होता. का हसत होता ते तिकिटाच्या खिडकीशी गेल्यावर कळत होतं. आत सगळीकडं गोड वासाचा धूर, फुग्यांचे ढग, आणि कुठून तरी येणारं आणि कधीच न संपणारं एकच गाणं. मुलानं घरूनच आखणी केली होती: आधी छोटी आगगाडी, मग घोडे, मग आकाशपाळणा. आगगाडी उतारावरून सुटली तेव्हा डब्यातली यच्चयावत पोरं बोंबलली. ही दोघं जबडा वासून, डोळे गच्च मिटून, तोंडातून हूं की चूं न करता खाली आली.

"यांना बरं नाही का?" गाडीवाल्यानं विचारलं.

"बरं आहे," सून कुजबुजली. "मजा आली त्यांना."

आजोबांना आगगाडी झेपणार नव्हती आणि आजीला घोडे. सहाही जणांनी मिळून बसावं अशी एकच राईड होती, स्वप्ननदी. मोठ्या अंधाऱ्या मांडवात निळं पाणी संथ वाहत होतं. निळं होतं कारण त्यात रंग कालवला होता. कागदाचा चंद्र तारेवरून इकडून तिकडं सरकत होता, तारेचं टोक दिसतही होतं. कापडी मासे पोटात दिवे घेऊन हवेत पोहत होते. सगळं धडधडीत खोटं, आणि तरी बोट आत शिरली की माणसाचे खांदे आपोआप खाली येत. पाण्याखालून एक आवाज येत होता, घरर्र-धप्प, घरर्र-धप्प. एखादं अवाढव्य जनावर पोटभर जेवून तळाशी पडलं असावं, तसा.

दुसऱ्या वळणावर धाकट्यानं आईचा हात ओढला आणि बोट दाखवलं.

आजोबांची मान छातीवर आली होती. तोंड किंचित उघडं. वर एक मासा आला, त्याचा पिवळा उजेड त्यांच्या गालावरून सरकून गेला, आणि त्याच वेळी आजोबा घोरले. आजीनं पदर तोंडात धरला. मुलगा, सून, मोठी, धाकटा, सगळे श्वास रोखून बसले. असा देखावा त्या मांडवात पैसे देऊनही कुणी बघितला नव्हता.

बोट फिरून धक्क्याला लागली. तिथं उभ्या असलेल्या बाईच्या गळ्यात शिट्टी होती. ती तोंडाकडं नेणार तोच सुनेनं वाकून शिट्टी मुठीत पकडली.

"अहो, हे काय?" शिट्टीवाली म्हणाली. "उतरा. मागं रांग आहे."

"हळू बोला. सासरे झोपलेत."

"झोपायचं तर घरी झोपा ना."

"घरी येत नाही म्हणून तर ही वेळ आली," सून म्हणाली. "रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा डोळा लागलाय हो त्यांचा."

शिट्टीवालीनं बोटीत बघितलं. तिच्याही घरी कुणी जागं असावं. तिचा आवाज खाली आला. "एका बोटीत एकटं माणूस सोडता येत नाही. दोन जण बसा. बाकीचे उतरा आणि परत रांगेतून या. मला वरून विचारलं तर मी तुम्हाला ओळखत नाही."

असा तो पहारा लागला. आजी आजोबांच्या शेजारी राहिली, बाकीचे रांगेतून पळत फिरून येत. रिकाम्या जागांवर परकी माणसं बसवावी लागत. मोठी प्रत्येकाला चढताना सांगे, "आत आमचे आजोबा झोपलेत, कृपया हसू नका." एका जाड्या कॅमेरावाल्याच्या खांद्यावर आजोबांचं डोकं कलंडलं. तो अख्खी फेरी पुतळ्यासारखा बसला, एक फोटो काढला नाही, आणि उतरताना म्हणाला, "खांदा लागला तर सांगा, मी इथंच उभा आहे."

बोटी चंद्राखालून जात होत्या. रांगेतली माणसं एकमेकांच्या कानात बोलत होती. मुलगा तिसऱ्यांदा रांगेत उभा राहिला तेव्हा त्यालाही पेंग येत होती, आणि आपण कुठं आहोत, बोट पुढं जातेय की मांडव मागं, हे त्याला नीटसं सांगता आलं नसतं. फक्त आत आपला बाप झोपलाय एवढंच त्याला कळत होतं आणि तेवढं त्याला पुरे होतं.

पण माणसांची रांग ती माणसांचीच. पुढचा मागच्याला म्हणाला, आत एक आजोबा झोपलेत. त्या मागच्यानं त्याच्या मागच्याला सांगितलं, झोपलेत आणि उठतच नाहीत. मांडवाबाहेर, उन्हात, रांगेच्या शेपटाकडं बातमी पोचली तेव्हा आजोबा गेले होते आणि घरची माणसं प्रेत घेऊन फेऱ्या मारत होती.

सुरक्षा अधिकारी धावत आला. मागं दोन माणसं स्ट्रेचर घेऊन. शिट्टीवाली आडवी गेली, "साहेब, म्हातारा ठणठणीत आहे, नुसता झोपलाय." साहेबांचं असं असतं, की त्यांना जे ऐकायचं असतं ते ते येतानाच ऐकून आलेले असतात. त्यानं भिंतीवरचं लाल बटण दाबलं.

घरर्र थांबलं. धप्प थांबलं. चंद्र तारेच्या मध्यावर लटकून राहिला, मासे जागच्या जागी विझले. त्या मांडवात इतकी शांतता झाली, जितकी फक्त त्यांच्या घरात असे.

आजोबा ताडकन उभे राहिले. बोट डुलली.

"कुणी थांबवलं?" ते म्हणाले. "कागद तुटला का?"

"बाबा, बसा," मुलगा पाण्याच्या काठावरून म्हणाला. "कसला कागद? तुम्ही झोपला होतात."

"झोपणारच. मशीन चालू होतं."

"कुठलं मशीन?"

"अरे हे काय, बुडाखाली. रोलर जरा घासतोय, पण चाल चांगली आहे." आजोबा खाली वाकून बघू लागले. "छापखान्यात असंच. चालू असलं की कागदाच्या रिळाला पाठ टेकायची, डोळा लागायचा. थांबलं की आधी डोळा उघडायचा, मग कान. थांबलं म्हणजे काहीतरी बिघडलं ना. मग झोपून कसं चालेल?"

मुलगा खाली बसला. "म्हणजे घरी…"

"घरी तर काहीच चालू नसतं," आजोबा साधेपणानं म्हणाले. "रात्रभर वाटत राहतं, उठून बघावं, काय बंद पडलंय."

कुणी कुणाकडं बघेना. विकलेला पंखा, काढलेली बेल, मोजे, उशा, सगळं त्या निळ्या पाण्यावर तरंगत एकेकाच्या समोरून गेलं.

"साहेब, सुरू करा ना परत," सून म्हणाली. "थोडा वेळ."

"स्ट्रेचर निघालं की राईड बंद," अधिकारी म्हणाला. "तपासणी झाल्याशिवाय सुरू होत नाही."

"अहो, पण स्ट्रेचर रिकामं आहे."

"रिकामं असलं म्हणून काय झालं? निघालं ना?"

ते सगळे बाहेर येऊन एका लांबलचक बाकावर बसले. ऊन उतरत होतं. समोर आकाशपाळणा मावळतीत हळूहळू फिरत होता, रिकाम्या डब्यांसकट, जणू त्यालाही कुणी थांबायचं सांगायला विसरलं होतं.

"घरी मिक्सर लावू रात्री," मुलगा म्हणाला. "नाहीतर पाण्याची मोटर."

"आणि शेजारी काय ओवाळतील आपल्याला?" आजोबा हसले. "राहू दे रे. पोरांनी पार्क बघितलं, माझं झालं. ठरल्याप्रमाणं मी आपला खोलीवर जातो."

तेव्हा सून बोलली. शाळेतल्या आवाजात बोलली. फुगेवाल्यानं वळून बघितलं.

"कुठं जाताय? कुणी ठरवलं? तुम्ही ठरवलंत आणि आम्ही माना हलवल्या, याला ठरवणं म्हणतात? त्या खोलीच्या मालकाला मी उद्या सांगणार आहे, माझे सासरे कुठंही येणार नाहीत. आणि तू," ती नवऱ्याकडं वळली, "बाप घर सोडून जातो म्हणाला आणि तू ताटात बघत बसलास. तोंड शिवलं होतं का?"

"मी? पंखा बदलायचं कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"तुझ्या आईच्या."

"माझं नाव घेऊ नकोस," आजी म्हणाली. "मी पंख्याला तेल घाला म्हणाले होते. विका नव्हते म्हणाले."

"बेल तूच काढलीस, आई. स्टुलावर चढून."

"मग तू का नाही अडवलंस? मी पडले असते म्हणजे?"

"मी आंघोळीला होतो. आंघोळीत मी गायचो आधी. आठवतंय कुणाला? गायचो मी. बादलीत नळ सोडायचा तर खाली टॉवेल घालून सोडतो आता."

"तू गायचास ते बंद झालं, हे एकच बरं झालं," सून म्हणाली.

"हे मनात होतं तुझ्या? इतकी वर्षं?"

"मनात काय काय आहे ते विचारू नकोस."

मोठीनं आईच्या गुडघ्यावर टिचकी मारली. "आई."

सगळे गप्प झाले. बाकाच्या टोकाला आजोबा धाकट्याच्या डोक्यावर हनुवटी टेकून बसले होते. डोळे मिटलेले. ओठ फुरफुरत होते. त्या शांततेत त्यांची पापणी हलली.

"थांबू नका ना," मोठी घाईनं म्हणाली. "बोला. बोला काहीतरी."

"तर," सून म्हणाली आणि अडखळली, "तर माझं म्हणणं असं की, तुझी मावशी लग्नात मला म्हणाली होती…"

"मावशीला मधे आणू नकोस," मुलगा लगेच म्हणाला. "ती तुझ्याबद्दल चांगलंच बोलते."

पापणी मिटली. सुनेचा आवाज चढला की आजोबांच्या कपाळाला आठी पडे. मग मोठी तळहात खाली करी आणि आई खाली येई. मुलगा फार पडेल आवाजात बोलला की ती हात वर करी. हळूहळू दोघांना चाल सापडली. तो एक म्हणे, ती दोन म्हणे, मावशीवरून गादीवर, गादीवरून राहून गेलेल्या सहलीवर, घरर्र-धप्प, घरर्र-धप्प, एका लयीत, एका पट्टीत. राग कधी निघून गेला ते दोघांनाही कळलं नाही, शब्द तेवढे मागं राहिले. पार्कातले दिवे लागले. आकाशपाळण्याची रंगीत वर्तुळं जमिनीवरून, बाकावरून, आजोबांच्या उघड्या तोंडावरून फिरत राहिली. धाकटाही त्यांच्या हनुवटीखाली झोपून गेला.

एक पहारेकरी दुरून बघत होता. जवळ येऊन म्हणाला, "अहो, बाईमाणसाशी चारचौघांत असं भांडू नये. काही मदत हवीय का?"

"नको, नको," मुलगा त्याच सुरात म्हणाला, "आमचं छान चाललंय. आणि तुझ्या भावानं त्या वेळी गाडी दिली नाही ती दिली नाहीच."

पहारेकरी डोकं खाजवत गेला. बराच वेळ गेला. मुलाचा घसा बसत आला. सून शाळेतली, ती टिकून होती, पण तिच्याकडचंही संपत आलं होतं; तिनं दोनदा तेच सांगितलं. मोठीचा हात कासावीस होऊन वर वर जाऊ लागला.

आजीनं चपला काढल्या. दोन्ही पाय बाकावर घेऊन मांडी घातली, पदर नीट केला, घसा साफ केला.

"तुम्ही दोघं पाणी प्या जा," ती म्हणाली. "मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून सुरू करते."