पहिला की दुसरा?

आमच्या बिल्डिंगमधले वेंकोबाअण्णा तुम्हाला भेटले तर नाव-गाव विचारणार नाहीत. थेट विचारतील, "पहिला की दुसरा?"

प्रश्न सिनेमाचा असतो. एका गुन्हेगार घराण्याचा जुना, गाजलेला सिनेमा, आणि त्याचा त्याहून गाजलेला दुसरा भाग. अण्णांचं मत ठरलेलं. "दुसरा! त्याच्यापुढे पहिला म्हणजे बिनमिठाची आमटी." हे त्यांनी आमच्या बसवनगुडीतल्या फुलवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना कन्नडमध्ये ऐकवलंय. एकदा तर प्लंबर टाकीवर चढलेला असताना त्याला खालून गाठलं. त्या बिचाऱ्याने दोन्ही पाहिले नव्हते.

मी पुण्याहून नोकरीसाठी इथे आले, तेव्हा शेजारी अण्णांचं मराठी घर मिळालं म्हणून कोण आनंद! पहिल्याच दिवशी अण्णांनी जिन्यात अडवलं. ऑफिसला उशीर होत होता, म्हटलं वाद कशाला. "दुसराच हो अण्णा, प्रश्नच नाही!"

अण्णांचा चेहरा पडला. "सरी," म्हणजे 'बरं', एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

हे काय गौडबंगाल, मला कळेना. बिल्डिंगमधले सगळेच त्यांच्या 'हो'ला 'हो' करत, आणि अण्णा जास्तच वैतागत. "सगळे मेले दुसराच म्हणतात! एकालाही स्वतःचं डोकं नाही." अहो, मत तुमचंच ना? त्यांच्या बायकोला, सरोजाअक्कांना विचारावं, तर त्या कधी खाली येतच नसत. गुडघे धरलेत, असं अण्णा सांगायचे.

एका रविवारी लिफ्ट बंद होती. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, डोकं तापलेलं, आणि जिन्यात अण्णा उभे. "पहिला की दुसरा?"

"पहिला!" मी खेकसले. "दुसऱ्यात नुसत्या बंदुका. पहिल्यात घर एकत्र जेवतं तरी. दुसऱ्यात त्या आईला कुणी विचारतं का?"

अण्णांनी माझ्या हातातल्या पिशव्याच काढून घेतल्या. "अगदी हेच! अगदी हेच म्हणायची ती. चला वर, स्वल्प पाच मिनिटं. हे तिच्यासमोर बोला."

चढता चढता त्यांनी सांगितलं. गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं. अक्कांना आताशा काही आठवतच नाही. लग्न झाल्यावर दोघांनी हे दोन सिनेमे पाहिले आणि तेव्हापासून जेवताना भांडण ठरलेलं. तिचा पहिला, यांचा दुसरा. "कधी हार गेली नाही हो. आता मी काहीही म्हटलं तरी हो म्हणते. म्हटलं, तिच्या बाजूचं कुणी बोललं तर पेटेल, उठेल..."

अक्का खिडकीशी बसल्या होत्या. वेणी अण्णांनीच घातलेली, जरा वाकडी. मी उभी राहून हातवारे करत सगळं भाषण ठोकलं. माझ्या अख्ख्या नोकरीत इतकं जीव तोडून मी कधी बोलले नसेन. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या.

अण्णा पुढे झुकले. "काय बरोबर? दुसराच चांगला!"

"हो का? मग दुसरा."

मला तिथे उभं राहवेना, आणि निघवेनाही.

"अगं, भांड की माझ्याशी," अण्णा काकुळतीला आले. "स्वल्प तरी भांड."

आपलं काहीतरी चुकलं असावं, तसं अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांचा हात हातात घेतला. "भांडते की," त्या म्हणाल्या. "कशावरून भांडायचं?"

अण्णांनी डोळे पुसले. खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि पहिल्या भागाची गोष्ट अगदी सुरुवातीपासून सांगायला लागले.