उर्बेनकाकांचा चाकू कोणी मिटला?

"मार्सेलँ म्हणजे फ्रान्सच्या ओब्राक पठाराचा तिसरा डोळा," असं माझे यजमान स्वतःबद्दल सांगतात. मोठे गुप्तहेर आहेत ते. पहिल्या दोन डोळ्यांचा चष्मा मात्र रोज मलाच शोधावा लागतो.

शनिवारी ह्यांनी घडीचा चाकू घेतला. दुकानात दुपार सरली. अक्रोडाची मूठ उबदार, पण पातं जाड. दुसरा सुबक, पण खिशात जाणवेना. शेवटी शिंगाच्या मुठीचा ठरला, कारण मिटताना तो 'टक्क' वाजे.

"साहेब, हळू मिटा. आपटलं की धार जाते," दुकानदार म्हणाला. ह्यांनी मान डोलावली आणि दारातच एकदा वाजवून पाहिला.

रविवारी उर्बेनकाकांकडे जेवण होतं. आमच्याकडे जो तो आपल्या खिशातल्या चाकूने जेवतो. घरधन्याने आपला मिटला की जेवण संपलं, मग घास हातात का असेना. त्या दिवशी काकांची नात मिरेय पॅरिसहून तिबोला घेऊन आली होती. काका चीजचा पहिला तुकडा चाकूच्या टोकावर धरून त्याला देणार, म्हणजे लग्नाला होकार. तिबोची परतीची बस चारची.

चीज यायच्या आधीच आवाज आला. टक्क.

सगळे उठले. ताटं उचलली गेली. काकांना कमी ऐकू येतं. सगळे उभे दिसल्यावर त्यांनीही आपला उघडा चाकू मिटून खिशात टाकला. मिरेयचे डोळे पहाटेच्या गवतासारखे भरून आले.

"आजोबा, चीज राहिलं."

"मिटला तो मिटला. आता रात्रीच्या जेवणाला."

"कोणी हलायचं नाही," हे म्हणाले. एक हात पाठीमागे, एक खिशात. "तिबो, तुझा चाकू कुठाय?"

"मी चाकू बाळगत नाही."

"बघा. आवाज केला आणि हत्यार नाहीसं केलं."

"अहो, मुलगा माझ्याशेजारी बसला होता," मी म्हटलं.

"मग ते घड्याळ."

"ते कधीचं बंद आहे," फिलोमेनकाकू म्हणाल्या.

"बंद घड्याळावर कोणी संशय घेत नाही. हाच त्याचा डाव. काकू, तुमची कवळी?"

"आत पेल्यात आहे. जा, जबाब घे तिचा."

हे विचारात गढले. टक्क. नुकतीच टेकलेली मंडळी पुन्हा उठली.

"मार्सेलँ," काकू शांतपणे म्हणाल्या, "खिशातला हात बाहेर काढ."

हात आला, हातात चाकू आला. हे त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. "गुन्हेगार घरातलाच आहे, हे मी आधीच ताडलं होतं."

काकांचा चाकू मात्र खिशातच. तेव्हा काकूंनी भर दुपारी खिडक्यांचे पडदे ओढले, दिवा लावला आणि टेबलावर सूपच्या वाट्या मांडल्या.

"हे काय?" काकांनी विचारलं.

"रात्रीचं जेवण."

काकांनी दिव्याकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं आणि चाकू उघडला. तिबोने टोकावरचा चीजचा तुकडा घेतला. बस गाठायची म्हणून जावयाने चावलाही नाही.

"आता याला चाकू हवा," काकू म्हणाल्या आणि ह्यांच्याकडे बघत राहिल्या.

ह्यांनी तो दिला. पोटच्या पोरीची पाठवणी करावी तसा. फुकट दिलेला चाकू माया कापतो, म्हणून तिबोने बदल्यात एक नाणं ह्यांच्या हातावर ठेवलं.

"माझी फी," परतताना हे म्हणाले. वाटभर ते नाणं खिशात चाळवत होते.

एकटं नाणं वाजत नाही. पुढच्या रविवारी मी ह्यांना खिशात तेवढंच ठेवून नेणार आहे.